तानपुऱ्याशिवाय सूर कसा टिकतो? एस्टोनियाच्या गायकवृंदाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर या गायकवृंदाची ओळख करून दिली होती. बाल्टिक समुद्राकाठच्या तालिन शहरातला हा वृंद १९८१ मध्ये तोनू काल्युस्ते यांनी उभा केला. त्यांचे वडील हाइनो काल्युस्ते यांच्या ‘एलरहाइन’ या हौशी गायकवृंदात त्याची मुळे आहेत. धार्मिक संगीत आणि आजच्या काळातल्या संगीतकारांच्या रचना हे दोन्ही तो सारख्याच निष्ठेने गातो आणि वर्षातला बराच काळ परदेशी दौऱ्यांवर असतो. त्या टिपणावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांचा आशय एकच असल्याने ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : चेंबर कॉयर म्हणजे नेमके काय? आमच्या शाळेत समूहगीताला चाळीस मुले उभी राहतात आणि सगळी मिळून एक चाल म्हणतात. हा प्रकार तसाच असतो का? (नाशिकच्या एका शिक्षिका)

समूहगीतात सगळे एकच चाल गातात. येथे निदान चार निरनिराळ्या ओळी एकाच वेळी चालू असतात. स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज म्हणजे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज म्हणजे टेनर आणि बास. प्रत्येक गटाची चाल वेगळी, आणि या चाली एकमेकींवर बसून जो स्वरमेळ तयार होतो तो ऐकायचा. अनेक रचनांत हे चार गट आणखी विभागले जातात आणि एकाच वेळी आठ किंवा त्याहून अधिक ओळी ऐकू येतात.

मोठ्या गायकवृंदात शंभर-दीडशे माणसे असतात. या वृंदात २५च्या आसपास आहेत. म्हणजे एका ओळीला सहा-सात आवाज, आणि रचना विभागली गेली की दोन किंवा तीनच. एवढ्या थोड्या माणसांत कोणाला आडोसा मिळत नाही. एकाचा सूर किंचित खाली गेला, एकाने ‘स’ जरा आधी उच्चारला, तर शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यालाही ते कळते. म्हणून येथे पूर्णवेळ व्यावसायिक गायक असतात. त्यांतला प्रत्येक जण एकल गाऊ शकतो, पण रोजचे काम मात्र आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात विरघळवण्याचे असते. माझ्या मते या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, आणि टाळ्या मिळतात तेव्हा ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

संचालकांविषयीही विचारणा झाली आहे. काल्युस्ते यांनी पहिली वीस वर्षे, २००१ पर्यंत, वृंद सांभाळला. पुढे इंग्लंडचे पॉल हिलियर, नेदरलँड्सचे डॅनियल रॉइस आणि लाटव्हियाचे कास्पार्स पुत्निन्श यांनी तो चालवला आणि २०२१ पासून काल्युस्ते पुन्हा प्रमुख संचालक झाले.

प्रश्न : मी आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात वीस वर्षे गाते. कीबोर्डची साथ असली की आम्ही ठीक गातो. साथ काढली की तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर उतरलेला असतो. ही मंडळी तास-दीड तास कोणत्याही वाद्याशिवाय गातात, तानपुराही नसतो. मग त्यांचा सूर टिकतो कसा? (वसईच्या एक वाचक)

आपला प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीचा स्वर कोठून येतो ते आधी पाहू. संचालक किंवा एखादा गायक सेकंदाला ४४० कंपने देणारा ट्यूनिंग फोर्क कानाजवळ धरतो, त्यावरून त्या रचनेचा पहिला स्वर मनात काढतो आणि अगदी हलक्या गुंजनाने इतरांना देतो. श्रोत्यांना बहुधा ते ऐकूही जात नाही. तेवढ्या आधारावर प्रत्येक जण आपापला स्वर शोधतो आणि पुढचा सगळा डोलारा उभा राहतो.

यापुढची गोष्ट आपल्या संगीताच्या अभ्यासकांना सहज समजेल. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो; षड्जाच्या तारेच्याच पाचव्या उपस्वरातून तो उमटतो. सप्तकाचे १२०० समान सूक्ष्म भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर हा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. कीबोर्डवरचा गंधार मात्र ४०० सेंटवर बसवलेला असतो, म्हणजे तो १४ सेंट चढा आहे. वाद्याशिवाय गाणारा चांगला वृंद स्वरमेळातला गंधार तानपुऱ्यातल्या त्या गंधारावर आणून ठेवतो. तसा तो बसला की आवाजांमधली थरथर नाहीशी होते आणि कोणीच गात नसलेले वरचे स्वर हवेत ऐकू येऊ लागतात. कीबोर्डच्या साथीने वर्षानुवर्षे गाणाऱ्या कानाला हा गंधार आधी उतरलेला वाटतो. थोड्या दिवसांनी कीबोर्डचा गंधार चढा वाटू लागतो.

आता अडचण. प्रत्येक स्वरमेळ असा शुद्ध ठेवत पुढे गेलो तर काही विशिष्ट क्रमांत आधारस्वरच सुमारे २२ सेंट सरकतो. गणितातच ती फट आहे, गायकांचा त्यात दोष नसतो. असा क्रम चार-पाच वेळा आला की रचना जवळजवळ एका अर्ध्या स्वराने खाली येते. म्हणून वृंदाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात : या क्षणाचा मेळ शुद्ध हवा आणि सुरुवातीच्या षड्जाची आठवणही पक्की हवी. कोठे मेळाला झुकते माप द्यायचे आणि कोठे आठवणीला, हे सरावात ठरते. त्या ठरवण्यातच संचालकाचा कान दिसतो.

आपल्या वृंदाची पट्टी उतरते त्याचे कारण मात्र बहुधा इतके खोल नसावे. हौशी गायक खाली येताना पावले मोठी टाकतात आणि वर जाताना छोटी. एकच स्वर पाचसहा वेळा आला की दर वेळी तो थोडा ढिला होतो. ओळीच्या अखेरीस श्वास संपतो आणि त्याबरोबर सूरही बसतो. यावर करून पाहण्यासारखे उपाय आहेत. सरावात कीबोर्ड बंद ठेवावा आणि तानपुरा, मग तो मोबाइलवरचा का असेना, षड्ज-पंचमावर लावून त्याच्यावर एकेका गटाला आपली ओळ संथपणे, शब्दांऐवजी ‘ऊ’कारात गायला सांगावी. सगळ्यांचा ‘आ’ आणि ‘ए’ एकाच घडणीचा करून घ्यावा, कारण स्वर एक असूनही उच्चार दोन असले की मेळ बेसूर भासतो. लांब ओळींत शेजारशेजारच्या दोघांनी कधीही एकाच वेळी श्वास घेऊ नये : एकाने शब्दाच्या मध्येच हळूच सुटावे, श्वास घ्यावा आणि तितक्याच हळूच परत यावे. व्यावसायिक वृंदाचा अखंड वाटणारा ध्वनी याच शिस्तीतून येतो. महिनाभर नेमाने केल्यास फरक कळेल.

प्रश्न : दौऱ्यावर आज चर्च, उद्या नवे सभागृह. जागा बदलली की गाणे बदलते का? (सोलापूरहून)

बदलते, आणि बरेच बदलते. आधुनिक सभागृहात आवाज दीड-दोन सेकंदांत विरतो. उंच कमानींच्या दगडी चर्चमध्ये तो पाच-सहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक घुमत राहतो. तेथे सभागृहातल्याच गतीने गायले तर आधीच्या स्वरमेळाची शेपटी पुढच्यात अडकते आणि सगळे गढूळ होते. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर कार्यक्रमाआधी त्याच वास्तूत सराव होतो. त्यात रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहण्यापेक्षा जागेची परीक्षा अधिक असते : एखादा स्वरमेळ गाऊन एकदम थांबायचे आणि भिंतींकडून काय परत येते ते ऐकायचे. त्यावरून गती ठरते, विराम किती लांबवायचे ते ठरते, व्यंजने किती आवळायची ते ठरते. शब्दाच्या शेवटचा ‘त’ किंवा ‘स’ सर्वांनी एका क्षणी उच्चारला नाही तर घुमणाऱ्या जागेत तो चारदा ऐकू येतो. उभे राहण्याची रचनाही बदलते. कधी गटागटाने, कधी चारही प्रकारचे आवाज मिसळून, म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना वेगळी ओळ गाणारा माणूस. दुसऱ्या पद्धतीत मेळ सुंदर मिसळतो, पण आपली ओळ एकट्याने पेलण्याची तयारी लागते.

प्रश्न : एस्टोनिया १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता आणि ती राजवट घोषित नास्तिक होती. तेथे धार्मिक संगीतासाठी नावाजलेला गायकवृंद १९८१ मध्ये कसा काय जन्माला येऊ शकला? (कोल्हापूरचे एक निवृत्त इतिहास शिक्षक)

हा वृंद धार्मिक संगीतासाठी म्हणून जन्माला आला नव्हता. तो फिलहार्मोनिक या सरकारी संगीतसंस्थेचा वृंद होता आणि वृंदगायनाला त्या देशात सरकारही हात लावू शकत नव्हते इतके ते लोकांचे होते. एस्टोनियाची लोकसंख्या आजही तेरा-चौदा लाखांच्या घरात आहे. या लोकांचा पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तू येथे भरला, त्या वेळी देश रशियन साम्राज्यात होता. पुढे स्वातंत्र्य आले, १९४० मध्ये गेले, आणि महोत्सव सोव्हिएत काळातही चालू राहिला. राजवटीची स्तुतिगीते गावी लागत, पण त्यांच्याबरोबर हजारो माणसे एका मैदानात आपल्या भाषेत गात. १९८८ मध्ये तालिनच्या त्याच महोत्सवी मैदानावर लाखो लोक रात्रीमागून रात्री गायला जमले. तीन वर्षांनी, २० ऑगस्ट १९९१ रोजी, देशाने स्वातंत्र्याची पुनर्घोषणा केली. त्या चळवळीला तेथे गाणारी क्रांती म्हणतात.

धार्मिक संगीताचे मात्र वेगळे होते. शतकांपूर्वीच्या युरोपीय संगीतकाराची लॅटिन रचना सांस्कृतिक वारसा म्हणून खपून जाई. हयात असलेल्या सोव्हिएत नागरिकाने आज आपली श्रद्धा उघडपणे गाणे, हे खपत नसे. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त यांच्या वाट्याला तेच आले. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांची ‘क्रेडो’ ही रचना नीमे यार्वी यांच्या संचालनाखाली तालिनमध्ये सादर झाली. येशू ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे, असे तिचे पहिलेच शब्द होते. श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली आणि अधिकाऱ्यांनी ती पुन्हा वाजणार नाही अशी व्यवस्था केली. त्यानंतरची काही वर्षे पॅर्त यांनी फार थोडे लिहिले. ते जुने ग्रेगोरियन पठण आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत अभ्यासत राहिले. १९८० मध्ये ते कुटुंबासह देश सोडून आधी व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला गेले. देश सोडलेल्याचे नाव मायदेशात घेणे कठीण होते. म्हणजे वृंदाची स्थापना झाली त्या वेळी, ज्यांच्यामुळे पुढे तो जगाला माहीत झाला ते संगीतकार त्याला जवळजवळ वर्ज्य होते.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंधने सैल झाली आणि ही गाठ सुटली. पॅर्त यांची ‘ते देउम’ या वृंदाने ध्वनिमुद्रित केली, ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. मग ‘कानोन पोकायानेन’ ही ऐंशी मिनिटांहून अधिक चालणारी पश्चात्तापाची प्रार्थना पॅर्त यांनी याच वृंदासाठी आणि काल्युस्ते यांच्यासाठी लिहिली. कोलोनच्या कॅथेड्रलच्या पायाभरणीला १९९८ मध्ये ७५० वर्षे झाली, तो तिचा निमित्तप्रसंग होता. तिचे ध्वनिमुद्रण तालिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये झाले. या इमारतीचा इतिहासही आपल्यासारख्या वाचकांना रस वाटेल असा आहे. मार्च १९४४ मधल्या बाँबवर्षावात तिची राख झाली. सोव्हिएत राजवटीनेच ती पुन्हा बांधली, पण चर्च म्हणून नव्हे. १९८४ मध्ये ती संग्रहालय आणि संगीत सभागृह म्हणून उघडली. अजूनही ती तशीच आहे.

प्रश्न : आर्वो पॅर्त यांचे संगीत आपल्या टिपणानंतर ऐकले. खोटे कशाला बोलू, त्यात काहीच घडत नाही असे वाटले. ख्यालाच्या विस्ताराची सवय असलेल्या कानाने त्यात काय शोधायचे? (पुण्यातील एक विद्यार्थी, शास्त्रीय गायनाचा अभ्यास)

मोकळेपणाने लिहिलेत हे फार चांगले केलेत. आपण गाणे शिकत असल्यामुळे त्या संगीताची घडण सरगममध्येच मांडतो.

पॅर्त यांनी १९७६ पासून वापरलेल्या पद्धतीला ते लहान घंटांवरून ‘टिंटिनाबुली’ म्हणतात. तिच्यात दोन ओळी जोडीने चालतात. पहिली ओळ सप्तकातून पायरीपायरीने वर किंवा खाली जाते. दुसऱ्या ओळीला मात्र तीनच स्वरांची मुभा असते. ते तीन स्वर सा, कोमल ग आणि प आहेत असे धरा, आणि दुसऱ्या ओळीने नेहमी पहिल्या ओळीच्या वरचा सर्वांत जवळचा स्वर घ्यायचा असा नियम करा. आता पहिली ओळ सा वर असताना दुसरी कोमल ग वर असेल. पहिली रे वर आली तरी दुसरी कोमल ग वरच राहील, आणि त्या दोघांत अर्ध्या स्वराचेच अंतर उरल्याने क्षणभर टोचेल. पहिली कोमल ग वर सरकली की दुसरी प वर उडी घेईल आणि सगळे मोकळे होईल. पहिली म वर गेली की दुसरी प वर थांबेल आणि पुन्हा थोडा ताण येईल. तानपुऱ्यावर सा-प लावून आपण एका मित्राबरोबर हे पाच मिनिटे गाऊन पाहा. टोचणे आणि मोकळे होणे हेच त्या संगीतातले घडणे आहे.

दुसरे असे, की चाल कोठे वळायची हे बहुतांशी शब्दच ठरवतात. ख्रिस्ताच्या यातनांच्या कथेवरच्या, १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘पासिओ’ या रचनेत शब्दात जितकी अक्षरे तितके स्वर, आणि स्वरांची लांबी व विराम मूळ मजकुरातल्या विरामचिन्हांवरून येतात. स्वल्पविराम आला तर थोडे थांबणे, पूर्णविराम आला तर अधिक. संगीतकाराने आपली मर्जी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. ख्यालात बंदिशीचे शब्द विस्तारासाठी जागा करून देतात आणि गायकाची प्रतिभा त्या जागेत खेळते; येथे उलट आहे, शब्द हलत नाही आणि गायकाने त्याच्यासमोर स्थिर राहायचे असते. म्हणून विस्तार शोधत ऐकलेत तर पदरी निराशाच येईल. मजकूर हातात घेऊन, एकेका शब्दाच्या चालीने ऐकलेत तर हाती काहीतरी लागेल.

गायकांसाठी हे संगीत फार कठोर आहे, एवढे आपल्याला गायक म्हणून सांगावेसे वाटते. कागदावर ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वाचता येईल इतके सोपे दिसते. पण त्यात ना हरकत, ना कंप, ना गतीचा आडोसा. सूर जरा हलला की उघडा पडतो. या वृंदाचे २००१ ते २००७ या काळातले संचालक पॉल हिलियर यांनी त्याआधी ‘पासिओ’चे ध्वनिमुद्रण केले होते आणि पॅर्त यांच्या संगीतावर पुस्तकही लिहिले होते. त्यांच्या काळातल्या ‘दा पाचेम’ या ध्वनिमुद्रणाला २००७ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

प्रश्न : या वृंदाच्या ध्वनिमुद्रणांत स्तोत्रे आहेत आणि लोखंडाला दिलेला शापही आहे, तोही ढोल बडवत! प्रार्थनेच्या शेजारी हे कसे शोभते? (ठाण्याहून)

आपण म्हणता ती वेल्यो तोर्मिस यांची ‘राउआ नेएद्मिने’ ही १९७२ ची रचना. तोर्मिस (१९३०–२०१७) यांचे जवळजवळ सगळे काम वृंदगायनासाठी आहे आणि त्याचा पाया ‘रेगिलाउल’ हे एस्टोनियातले प्राचीन लोकगायन आहे. भजनी मंडळात बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी तसा हा प्रकार असतो, फक्त तेथे मागचे लोक बुवांची शेवटची अक्षरे हवेत असतानाच त्यांत शिरतात आणि बुवाही तसेच परत येतात, त्यामुळे मध्ये फट पडत नाही आणि गाणे तासन्‌तास वाहू शकते.

लोखंडाच्या शापाची कल्पना फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातून आली आहे. जुनी समजूत अशी, की एखाद्या वस्तूचा जन्म कसा झाला हे जो सांगू शकतो त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून ओझा ढोलाच्या तालावर लोखंडाची उत्पत्ती सांगतो आणि त्याला विचारतो की तू माणसावर का उलटलास. रचनेच्या उत्तरार्धात मजकूर एकदम विसाव्या शतकात येतो : तोफा, विमाने, रणगाडे. गायक कुजबुजतात, ओरडतात, स्वर खाली घसरवतात. सोव्हिएत सैन्य देशात असताना हे लिहिले आणि गायले गेले, हे लक्षात ठेवून ऐकावे.

आता शोभते का, याविषयी. माझे मत असे आहे, की ज्या समाजाने ही दोन्ही गाणी जपली त्याने त्यांच्यात आपल्याइतका भेद केलेला नाही. हापसालु गावचे सिरिलस क्रेक (१८८९–१९६२) यांनी खेड्यापाड्यांतून धार्मिक लोकचाली गोळा केल्या. चर्चच्या छापील भजनांच्या चाली लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गळ्याने वाकवून घेतल्या होत्या. क्रेक यांनी त्या चाली आणि बायबलमधली दाविदाची स्तोत्रे वृंदासाठी बांधली. त्यांत प्रार्थना कोठे संपते आणि लोकगीत कोठे सुरू होते हे दाखवता येत नाही. पुढे तोनू कोर्व्हित्स यांच्यासारखे आजचे संगीतकार क्रेक यांच्याच साहित्यावर नव्या रचना करतात. म्हणून कार्यक्रमात क्रेक, पॅर्त आणि तोर्मिस एकापाठोपाठ येतात तेव्हा ती सरमिसळ नसते. एकाच भूमीतले तीन आवाज असतात. केवळ विविधतेसाठी काहीही शेजारी ठेवणारे कार्यक्रमही दौऱ्यांवर पुष्कळ होतात आणि ते मला रुचत नाहीत. येथे तसे नाही.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मुलगी जर्मनीत असते आणि तिच्याकडे गेल्यावर चर्चमधला असा कार्यक्रम ऐकण्याची इच्छा आहे. आम्ही जावे का, आणि तेथे वागण्याचे काही नियम असतात का? (छत्रपती संभाजीनगरचे एक दांपत्य)

अवश्य जावे. चर्चमध्ये झालेला संगीताचा कार्यक्रम म्हणजे उपासना नव्हे. कोणी आपल्याकडून प्रार्थनेची किंवा गुडघे टेकण्याची अपेक्षा करत नाही. तिकीट काढून बसायचे. दगडी चर्च उन्हाळ्यातही गार असते, म्हणून शाल जवळ ठेवावी. गाण्याचा मजकूर आणि त्याचे भाषांतर छापलेली पुस्तिका बहुधा दाराशी मिळते. ती आधी वाचून घ्यावी आणि गाणे चालू असताना पाने वाजवू नयेत. दाद देण्याची आपली पद्धत तेथे आवरावी लागते. एखाद्या जागेवर ‘वा’ म्हणावेसे वाटले तरी थांबावे, आणि एका रचनेच्या भागांमध्ये टाळ्या वाजवू नयेत. शेवटचा स्वर विरल्यावरही संचालकाचे हात खाली येईपर्यंत वाट पाहावी, कारण ती शांतताही रचनेत धरलेली असते.

श्रद्धेच्या प्रश्नावर एक घटना सांगतो. जून २०१० मध्ये पॅर्त यांची ‘ॲडम्स लॅमेंट’ ही रचना प्रथम सादर झाली ती इस्तंबूलच्या हागिया इरेने या जुन्या बायझंटाईन चर्चच्या वास्तूत. इस्तंबूल त्या वर्षी आणि तालिन पुढच्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार होती, आणि दोन्ही शहरांनी मिळून ती लिहवून घेतली होती. मजकूर रशियन भाषेतला, ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरच्या संत सिलुआन या ऑर्थोडॉक्स साधूचा, गाणारे एस्टोनियाचे, त्यांत हा वृंद होता, वादक तुर्कस्तानचे, संचालक काल्युस्ते. विषय आदमचा, जो ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघांचाही पूर्वज आहे : नंदनवन गमावल्याचा आणि एका मुलाने दुसऱ्याला मारल्याचा त्याचा विलाप. लाटव्हियन रेडिओ कॉयर आणि इतर वृंदांसह केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणाला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळाला. ज्याला आपल्या हातून काही मोलाचे निसटल्याचे दुःख ठाऊक आहे त्याला त्या विलापाजवळ जायला कोणत्याही धर्माचा दाखला लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : महाराष्ट्रात किंवा गोव्यात अशा गायनाची परंपरा आहे का? आणि या वृंदाचे ऐकायला सुरुवात कोठून करावी? (मडगावच्या एक वाचक)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावातच आहे. गोव्यातल्या चर्चशाळांनी पोर्तुगीज काळापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि बहुस्वरी गायन शिकवले, आणि मुंबईच्या पाश्चात्त्य संगीतातले कितीतरी वादक त्या शाळांतून आले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये परंज्योती अकॅडमी कोरस उभा केला; त्यांच्या पश्चात कूमी वाडिया यांनी तो अनेक दशके चालवला आणि परदेश दौऱ्यांवर नेला. वसईच्या धर्मग्रामातला गायकवृंद वर आलाच आहे; तेथे मराठीतून उपासनागायन चालते. उणीव आहे ती मराठीत, वाद्याशिवाय, चार ओळींत गाण्यासाठी लिहिलेल्या नव्या रचनांची. एखाद्या तरुण संगीतकाराने हे काम मनावर घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. ओवीचा छंद आणि चार आवाज यांचे जमणार नाही असे मानण्याला काहीच कारण दिसत नाही.

ऐकण्याची सुरुवात पॅर्त यांच्या ‘दा पाचेम दोमिने’पासून करावी. ती जेमतेम पाच मिनिटांची आहे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले, त्यानंतर दोन दिवसांनी पॅर्त ती लिहायला बसले. मजकूर शांततेची याचना करणाऱ्या जुन्या लॅटिन प्रार्थनेचा आहे. पहिल्यांदा नुसती ऐकावी, दुसऱ्यांदा फक्त बासच्या ओळीवर लक्ष ठेवून ऐकावी. त्यानंतर क्रेक यांची दाविदाची स्तोत्रे घ्यावीत, मग तोर्मिस. ‘कानोन पोकायानेन’ अगदी शेवटी, आणि तीही एका बैठकीत न घेता एकेक भाग, भाषांतर समोर ठेवून. साधा मोबाइलचा स्पीकर या संगीताला पुरत नाही, कारण त्यात खालचे आवाज जवळजवळ नाहीसे होतात आणि सगळा मेळ त्यांच्यावरच उभा असतो. बरे हेडफोन असतील तर ते वापरावेत.